कापू नका रे ती स्प्रिंग!

गेल्या शनिवारी रात्री साडेदहाला वणीहून चुलतभावाचा फोन. हा पोट्टा एरवी फोन करत नाही, स्टेटस टाकतो. त्यामुळे पोटात गोळाच आला. म्हटलं घरी काही झालं की काय.

"दादा, मोठ्या बाबांच्या एस्टीमचा विषय होता."

मोठे बाबा म्हणजे माझे बाबा. गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून ते गाडी चालवत नाहीत, म्हणून सध्या ती याच्या ताब्यात आहे.

"काय झालं गाडीला?"

"झालं काही नाही. खाली बसवून राहिलो. मिस्त्री म्हणते दोन राउंड कापून देतो स्प्रिंगचे. बाराशे रुपयात. अर्ध्या तासाचं काम आहे."

"अरे, खाली केलेलीच आहे ना मी ती!"

"हो, पण दिसतच नाही ना दादा."

यावर मी फोनवर जे बोललो ते इथे छापण्यासारखं नाही. जे छापण्यासारखं आहे ते विकांताला लिहून काढतोय. त्याच्यासाठी, आणि पुण्या-नागपुरातल्या माझ्या त्या सगळ्या मित्रांसाठी, ज्यांच्या मते गाडी खाली पाहिजे असेल तर पाठ द्यावीच लागते.

आधीच सांगतो, माझं भांडण गाडी खाली करण्याशी नाही. मला आवडते खाली बसलेली गाडी. एस्टीमसारखी नव्वदीतली सेडान बाजूने बघा. अंग छान लांबट, काचा मोठ्या, पण चाक आणि मडगार्ड यांच्यात एवढी मोठी फट, की माणसाने आखूड पायजमा घातल्यासारखं वाटतं. ती फट थोडी कमी केली की तीच गाडी एकदम रुबाबदार दिसते. हे ज्याला दिसत नाही त्याच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही, आणि ज्याला दिसतं त्याने लाजायचं कारण नाही. मग भांडण कशाशी? तर "खाली म्हणजे कडक" या वाक्याशी. हे वाक्य खोटं आहे, आणि या खोट्या वाक्यावर स्प्रिंग कापणाऱ्यांचा अख्खा धंदा चालतो. गिऱ्हाईक गाडी घेऊन परत येतं, म्हणतं फार आपटते हो. मिस्त्री म्हणतो, साहेब, लोअरिंग केलं म्हणजे एवढं होणारच. गिऱ्हाईकही मान डोलावून परत जातं. आपल्या कोडमधल्या बगला फीचर म्हणून खपवायची ही युक्ती आमच्या धंद्यातही आहे, त्यामुळे मला ती लांबून ओळखू येते.

हे सगळं शहाणपण मला कुठून आलं? मीच ती स्प्रिंग कापली होती, तिथून.

गोष्ट २०१८ ची. मी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला. गाडी १९९९ ची, म्हणजे माझ्याहून दोन वर्षांनी लहान. बाबा वेकोलित सर्व्हेअर होते, त्यांनी हप्ते भरून घेतलेली पहिली आणि शेवटची गाडी. त्या वर्षी ती काही महिने माझ्याकडे होती. दिवाळीला घरी जायच्या आधी एका गॅरेजात (नाव सांगत नाही, त्या बिचाऱ्याने मी सांगितलं तेच केलं) पुढच्या दोन्ही स्प्रिंगचे दीड-दीड राउंड उडवले. मागच्याला हात लावला नाही, कारण पैसे संपले. पुढून नाक खाली, मागून शेपूट वर. मला वाटलं, काय दिसतेय राव!

वणीत पोचलो. बाबा बाहेर आले, गाडीभोवती एक फेरी मारली, काही बोलले नाहीत. आत गेले, टेप घेऊन आले. चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर चारही बाजूंनी मोजलं आणि डायरीत लिहिलं. मग एवढंच विचारलं, "कापायच्या आधी मोजलं होतं का?"

नव्हतं मोजलं.

भाऊबीज झाल्यावर नागपूरला निघालो. वरोरा, जाम, बुटीबोरी असा नेहमीचा रस्ता. गाडीत पाच माणसं, डिकीत फराळाचे डबे. आई मागे डाव्या बाजूला. वरोऱ्याच्या अलीकडे एका खड्ड्यात पुढचं चाक गेलं आणि असा आवाज आला की कुणीतरी खालून घण घातला. त्यानंतर असे आठ-दहा तरी घण बसले असतील. मध्येच रस्ता बरा लागला की गाडी घोड्यासारखी पुढे-मागे डुलायची. आई काहीच बोलली नाही. जामला चहाला थांबलो तेव्हा कळलं, की तिला खाली उतरताच येत नाहीये. डॉक्टर म्हणाले मणक्याचं दुखणं जुनंच असणार, आज उमळलं एवढंच. पंधरा दिवस ती झोपून होती. कमरेचा पट्टा आजही आहे. आई म्हणते त्याचा गाडीशी काही संबंध नाही. आईला असं म्हणावंच लागतं.

असो. आता मुद्द्यावर येतो. थोडं गणित आहे, पण आपण सगळे इंजिनिअर आहोत (म्हणजे तशी डिग्री तरी आहे :-) ), तेव्हा पळून जाऊ नका.

बहुतेकांना वाटतं की कापलेली स्प्रिंग कडक होते आणि म्हणून गाडी आपटते. पहिला भाग खरा आहे. स्प्रिंगचा कडकपणा तिच्या काम करणाऱ्या वेटोळ्यांच्या संख्येच्या उलट प्रमाणात असतो. सहा राउंड असतील आणि दीड कापले, तर उरले साडेचार. सहा भागिले साडेचार, म्हणजे स्प्रिंग साधारण ३३ टक्के कडक झाली. बरं, मग पुढे? गाडी वरखाली हलण्याची जी नैसर्गिक गती असते ती कडकपणाच्या वर्गमुळाने बदलते. कडकपणा ३३ टक्के वाढला तर गती जेमतेम १५ टक्के वाढते. आरामशीर गाड्या सेकंदाला साधारण एक ते दीड वेळा हलतात. आमची गाडी आधी सव्वाच्या आसपास असेल, कापल्यावर १.४४ झाली. म्हणजे अजूनही आरामाच्याच हद्दीत!

मग ते घण कुठून आले?

ते आले बंपस्टॉपमधून. शॉकअपच्या दांड्यावर एक रबराचा तुकडा असतो. चाक फार वर आलं की शेवटी तो लागतो, लोखंडाने लोखंडाला भिडू नये म्हणून. मूळ गाडी उभी असताना त्या रबरापर्यंत पुढे सुमारे ८० मिलिमीटर जागा होती (हे नंतर मोजलं, बाबांच्याच टेपने). स्प्रिंग कापल्यावर गाडी किती खाली येते याचा हिशोब सोपा आहे. गाडीचं वजन तेवढंच, त्यामुळे उरलेलं प्रत्येक वेटोळं आधी जेवढं दबलं होतं तेवढंच दबतं. म्हणजे वजनाखाली एका राउंडची जी उंची असते ती गुणिले कापलेले राउंड. आमच्याकडे एका राउंडला साधारण ३२ मिलिमीटर, दीड राउंडला ४८. ऐंशीतले अठ्ठेचाळीस गेले, उरले ३२.

आता खड्डा किंवा उंचवटा पचवायचा म्हणजे ऊर्जा साठवायची, आणि ती प्रवासाच्या वर्गाने वाढते. ८० चा वर्ग ६४००. ३२ चा वर्ग १०२४, त्याला कडकपणाचा १.३३ ने गुणा, साधारण १३६०. म्हणजे जी गाडी आधी शंभराचा दणका पोटात घ्यायची ती आता एकवीसचा घेते. उरलेले एकोणऐंशी रबराला, तिथून बॉडीला, तिथून सीटला, तिथून मणक्याला.

हे गणित कळलं तेव्हा मी बराच वेळ नुसता बसून होतो. दोष कडकपणाचा नव्हताच. दोष जागेचा होता. बोट रुंद जागा सोडून मी आईला त्या रस्त्यावर घेऊन गेलो होतो.

आणि घोडा? त्याचंही उत्तर आहे, आणि ते नव्वद वर्षं जुनं आहे. मॉरिस ऑली नावाचा इंजिनिअर रोल्स-रॉइसमधून अमेरिकेत कॅडिलॅककडे गेला आणि १९३० च्या दशकात त्याने वजनं इकडून तिकडे सरकवता येतील अशी प्रयोगाची गाडी बनवून हे शोधलं. उंचवट्यावर पुढची चाकं आधी चढतात, मागची नंतर. एस्टीमच्या दोन्ही चाकांमधलं अंतर २३६५ मिलिमीटर, ताशी ६० ला मागचं चाक सुमारे ०.१४ सेकंद उशिरा चढतं. पुढचा भाग आधी हलायला लागतो, म्हणून मागच्याची गती थोडी जास्त ठेवायची, म्हणजे तो पुढच्याला गाठतो आणि गाडी डुलायच्या ऐवजी सपाट वरखाली होते. माणसाला सपाट हलणं चालतं, डुलणं मळमळतं. कंपनीने हा तोल बसवून दिलेला असतो. मी फक्त पुढची स्प्रिंग कापून तो उलटा केला. १२०० रुपयांत.

"खाली म्हणजे कडक" म्हणणाऱ्यांना आणखी एक विचारायचं आहे. १९५५ मध्ये फ्रान्समध्ये सित्रोएनने डीएस नावाची गाडी आणली. स्प्रिंगच्या जागी दाबाखालचा वायू आणि तेल. गाडी जमिनीला चिकटून, आणि चालायला गादीसारखी. आणि कॅलिफोर्नियातल्या मेक्सिकन-अमेरिकन पोरांनी काय केलं? त्यांच्या राज्यात १९५० च्या दशकाच्या शेवटी कायदा आला, की गाडीचा कुठलाही भाग चाकाच्या रिमच्या खाली असता कामा नये. तर त्यांनी विमानांच्या भंगारातले हायड्रॉलिक पंप लावले. पोलीस दिसला की गाडी वर, गेला की खाली. त्यांना गाडी खाली हवी होती, पण म्हणून ती हलण्याची जागाच कापून टाकायची असं त्यांना वाटलं नाही. आपल्याकडे मात्र एकच उत्तर: ग्राइंडर.

यावर वणीचा माणूस म्हणेल, अरे बाप्पा, तुझं फ्रान्स राहू दे, आमचे रस्ते पाय ना. बरोबर आहे. बघूच.

वणी म्हणजे काय ते बाहेरच्याला सांगावं लागतं. आजूबाजूला उघड्या खाणी, आणि चोवीस तास कोळशाचे ट्रक. घुग्गुसकडे जा नाहीतर वरोऱ्याकडे, पावसाळ्यात काळा चिखल, उन्हाळ्यात काळी धूळ. ट्रकची जोडचाकं रस्त्यात दोन चर पाडतात आणि मध्ये वरंबा उभा राहतो. कारची चाकं चरात, पोट वरंब्यावर. तिथे गाडी हलली नाही तरी चेंबर घासतो, स्प्रिंग किती का महाग असेना. (माझा फुटला होता. एका रात्री, तेल सगळं रस्त्यावर.) शिवाय खाली आपली काळी कापसाची माती. पाऊस पडला की फुगते, उन्हात आकसून भेगाळते. तिच्यावरचा रस्ता नवीन असला तरी दोन-चार वर्षांत लाटांसारखा होतो. समजा एक लाट पंधरा मीटरची, गाडी ताशी ६० ला. सेकंदाला एकाहून थोडी जास्त लाट. म्हणजे रस्ता गाडीला नेमका तिच्याच नैसर्गिक गतीने झोका देतोय! इथे स्प्रिंग काही करू शकत नाही, इथे शॉकअप लागतो. आणि जुन्या गाडीचा शॉकअप बहुधा कधीच मेलेला असतो. त्याच्याकडे कुणी बघत नाही, कारण तो मेला की गाडी मऊ लागते आणि मालक म्हणतो, "जुन्या गाड्यांची मजाच वेगळी."

राहिले गतिरोधक. इंडियन रोड्स काँग्रेसचं मानक आहे. गतिरोधक १७ मीटर त्रिज्येचा गोलाकार, ३.७ मीटर रुंद आणि मध्यभागी १० सेंटिमीटर उंच, ताशी २५ ला ओलांडता यावा असा. आता यावर आमची एस्टीम आडवी उभी करा, दोन्ही चाकं दोन बाजूंना. चाकांमधल्या अंतराचा वर्ग भागिले त्रिज्येची आठपट, उत्तर येतं ४१ मिलिमीटर. म्हणजे मानकाप्रमाणे बांधलेला गतिरोधक गाडीच्या पोटाखालची फक्त ४१ मिलिमीटर जागा मागतो. दोन-अडीच सेंटिमीटर खाली केलेली गाडी त्यावरून गाणी गात जाईल. पण गावात काय असतं? लग्नाच्या किंवा अपघाताच्या दुसऱ्या दिवशी रातोरात घातलेला फूटभर रुंद, वीतभर उंच काँक्रीटचा ओंडका. तो पोटाखाली पुरेपूर वीतभर जागा मागतो. तिथे खाली केलेली सोडाच, कंपनीतून आलेली गाडीही पाच माणसं बसली की घासते. उंचीचं कौतुक सगळे करतात, आकाराचं कुणी करत नाही. म्हणून आज लोक कारच्या ऐवजी उंच एसयूव्ही घेतात, दोन-पाच लाख जास्त मोजून. त्या ओंडक्यावर केलेला तो खर्च असतो, आणि कुणी तसा मांडत नाही.

तर वणीत गाडी खाली करायची की नाही? माझं मत: वीस-बावीस मिलिमीटर, त्याहून एक केसभर जास्त नाही. आणि तेही सगळं खालचं काम नवं करून. नाहीतर मूळ उंचीवर ठेवा आणि तेच पैसे शॉकअपवर घाला.

आता दुसऱ्या गटाकडे वळतो. हे आमचे सुशिक्षित मित्र. यांना गाडी खाली केलेली दिसली की आत बसलेला टपोरीच असणार असं वाटतं. "हे सगळं बेकायदा आहे" हे यांचं आवडतं वाक्य. कायद्याचं म्हणाल तर मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ खरंच कडक आहे, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही सांगितलं की नोंदणीतले तपशील उत्पादकाने मुळात दिलेल्या तपशिलांशी विसंगत होतील असा बदल चालणार नाही. आरसीवर स्प्रिंगची उंची लिहिलेली नसते म्हणून मी धुतल्या तांदळासारखा आहे, असं मी म्हणणार नाही. पण एक सांगा. आमची गाडी २०१४ ला पंधरा वर्षांची झाली, तेव्हापासून दर पाच वर्षांनी फेरनोंदणी होते. त्या मधल्या काळात एक वर्ष ती मेलेल्या शॉकअपवर, फाटलेल्या बुशवर, एका बाजूला ढेपाळलेल्या स्प्रिंगवर पळत होती. तेव्हा तिला कुणी बेकायदा म्हटलं नाही, कारण ती उंच होती. जुनी गाडी झिजून खाली बसली तर चालतं, माणसाने हिशोब करून बसवली तर तो टपोरी. हे काही पटत नाही बुवा.

२०२० मध्ये लॉकडाऊन लागला आणि हापिस घरी आलं. मी वर्षभर वणीत होतो. दिवसभर लॅपटॉप, संध्याकाळी अंगणात गाडी. बाबा खुर्ची टाकून बसायचे, डायरी मांडीवर. त्या २०१८ च्या प्रसंगानंतर आम्ही गाडीबद्दल फारसं बोललो नव्हतो.

पहिलं काम रबराचं. लोअर आर्मचे बुश काढले तर बोटाने चुरा झाला. वरच्या माउंटिंगच्या रबराला भेगा. हे सगळं नवं टाकलं आणि गाडीतला अर्धा खडखडाट तिथेच संपला, स्प्रिंगला हात न लावता. मित्रांनो, तुमच्या जुन्या गाडीत ज्याला तुम्ही "सस्पेन्शन कडक झालंय" म्हणता तो बहुतेक वेळा दोन-तीनशे रुपयांचा मेलेला बुश असतो. मग चारही शॉकअप नवे.

मग स्प्रिंग. भोसरीच्या एमआयडीसीत स्प्रिंग वळून देणारा एक भला माणूस सापडला, त्याला फोनवर मापं दिली. इथे सर्वात जास्त वेळ गेला. तारेची जाडी कडकपणात चौथ्या घाताने येते. साडेदहा मिलिमीटरची तार अकरा केली, म्हणजे फक्त अर्धा मिलिमीटर वाढवली, तर स्प्रिंग वीस टक्के कडक होते. त्यामुळे "थोडी जाड घ्या" असं तोंडी सांगून चालत नाही. मूळच्या ३० टक्के कडक, तेवढेच राउंड, लांबी अशी की गाडी २२ मिलिमीटर खाली बसेल, आणि चाक हवेत पूर्ण लटकलं तरी स्प्रिंग आपल्या खोबणीत दाबलेलीच राहील. कापलेल्या स्प्रिंगमध्ये हे शेवटचं होत नाही. तिचं कापलेलं टोक खोबणीत नीट बसत नाही, चाक लटकलं की ती सैल होऊन फिरते, आणि जिथे गॅसने कापलेली असते तिथल्या पोलादाचा कस गेलेला असतो. पुढे तीस टक्के, तर मागेही त्याच हिशोबाने, म्हणजे ऑलीसाहेबांचा तोल शाबूत.

आता जरा थांबून बघा. माझी कापलेली स्प्रिंग मूळपेक्षा ३३ टक्के कडक होती. ही नवीन वळून घेतलेली ३० टक्के. जवळजवळ सारखीच! पण आता बंपस्टॉपपर्यंत ५८ मिलिमीटर उरतात. ५८ चा वर्ग गुणिले १.३, साधारण ४३७०. शंभरातले अडुसष्ट. एकवीस कुठे, अडुसष्ट कुठे. राहिलेल्या बत्तीससाठी टणक रबराच्या जागी लांब, फोमसारखा मऊ बंपस्टॉप घातला. तो आधीपासून हळूहळू लागत जातो, त्यामुळे शेवटी घण बसत नाही. फुकट काही मिळालेलं नाही. पूर्ण वजनात खोल खड्ड्यात अजूनही गाडी मूळपेक्षा थोडी लवकर टेकते. पण टेकते, आपटत नाही.

टायर मुद्दाम तेच ठेवले, १३ इंची चाकावर १७५/७०. सगळ्यांनी सांगितलं १५ इंची अलॉय टाक. १९५/५० घातले तर बाहेरून व्यास तेवढाच राहतो, पण रबराची उंची १२२ मिलिमीटरवरून ९७ वर येते. आधी स्प्रिंगमधली जागा कमी केली, आता रबरातली पण करू? टायर हीसुद्धा स्प्रिंगच आहे, आणि बारीक खडबडीसाठी पहिली. शेवटी अलाइनमेंट. एवढं झाल्यावर सुद्धा "वळणावर आता रेसिंग कारसारखी चालेल" असा दावा करणार नाही. पुढचे आर्म आडवे होत जातात तसं गाडी ज्या बिंदूभोवती कलते तो बिंदू गाडीच्या वजनापेक्षा जास्त वेगाने खाली जातो. म्हणजे फार खाली केली तर वळणावर कलणं उलट वाढू शकतं. हेही कापणारे सांगत नाहीत.

एकूण खर्च सव्वीस हजारांच्या पुढे गेला. बाराशेच्या तुलनेत बावीसपट. मला माहीत आहे, की वणीत बसलेल्या एकवीस वर्षांच्या पोराकडे सव्वीस हजार नसतात. माझ्याकडेही २०१८ मध्ये नव्हते. पण मग नका करू ना! बाराशेत जे मिळतं ते त्याच गोष्टीचं स्वस्त रूप नव्हे. ती पूर्ण वेगळी गोष्ट आहे, फक्त बाजूने काढलेल्या फोटोत सारखी दिसते.

"आराम म्हातारपणी बघू" हेही मित्रांकडून ऐकलंय. बघा. पण जुन्या सेडानमध्ये मागच्या सीटवर कोण बसतं? तुम्ही तर स्टिअरिंगवर असता, पाठ टेकून, खड्डा आधी दिसतो, अंग आपोआप सावरतं. मागे बसलेल्याला तो दिसत नाही. आणि मागे आपल्याकडे आई बसते, आजी बसते, पोटुशी वहिनी बसते. चालवणाऱ्याने आरामावर मत देणं म्हणजे डेव्हलपरने स्वतःच टेस्टिंग करणं. काम झालं की मी पहिली चक्कर आईला मागे बसवून मारली. बाबा पुढे. मारेगावपर्यंत जाऊन आलो. आई दोन वेळा म्हणाली, हळू चालव. रस्त्याबद्दल ती काहीच बोलली नाही. येताना तिला डुलकी लागली होती.

तर भावा, तुझ्यासाठी हिशोब. तुझा मिस्त्री दोन राउंड कापणार आहे. या नवीन स्प्रिंगचा एक राउंड वजनाखाली साधारण २८ मिलिमीटर. दोन म्हणजे ५६. जागा आहे ५८. उरले दोन मिलिमीटर, म्हणजे दोन नाण्यांची जाडीसुद्धा नाही. गाडी उभी असतानाच रबरावर बसलेली असेल. तू सोबत मित्राला बसवलंस की संपलं. दिवाळीनंतर मोठ्या आईला नागपूरला तपासणीला तूच नेणार आहेस, याच गाडीतून, त्याच रस्त्याने.

हे सगळं त्याला फोनवर सांगितलं. मिनिटभर काही बोलला नाही. मग म्हणाला, "मंग दिसायला काही तरी करू ना दादा."

करू. चारही मडगार्डांना रंग पाहिजे, चाकांच्या टोप्या तुटल्यात, काळे रबर पांढरे पडलेत. दिवाळीला येतो तेव्हा बसू. तोवर डायरी बाबांकडून मागून घे आणि चारही चाकांची मापं काढून पाठव. मागचं डावं मला थोडं बसल्यासारखं वाटत होतं.

रविवारी सकाळी फोटो आला. पुढे उजवीकडे आणि डावीकडे सारखं, मागे उजवीकडे सारखं, मागे डावीकडे नऊ मिलिमीटर कमी. अक्षर बाबांचं आहे.

बुश बघायला सांगितलाय.